जस्ताची टिकली आणि भट्टीची आच



इतिहासाच्या शिक्षकाने विजेच्या उपकरणाविषयी लिहावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. मी शास्त्र शाखेचा पदवीधर नाही. बी.ए.ला इतिहास हा माझा विषय होता आणि वर्गातही मी तोच शिकवितो. परंतु इतिहास म्हणजे केवळ राजे, तह आणि लढाया नव्हेत. आपल्या घराच्या भिंतीवरील बोर्डात दडून बसलेल्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या वस्तूलाही इतिहास असतो. तो शोधण्याची पाळी माझ्यावर कशी आली, ते प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी मृग लागण्याच्या सुमारास एका संध्याकाळी आमच्या गावावर विजांचा मोठा कडकडाट झाला. शाळेच्या एका खोलीत पालकांच्या वर्गणीतून घेतलेले आठ संगणक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तो पाच कायमचे बंद पडलेले आणि तीन सुरक्षित. हे तीन संगणक ज्या जोडबोर्डावर होते, त्या बोर्डाला मात्र जळका वास येत होता. आमचाच एक माजी विद्यार्थी आय.टी.आय. करून वायरमनचे काम करतो. त्याने तो बोर्ड उघडला. आत निळ्या रंगाची एक टिकली तडकून काळी पडली होती. तो म्हणाला, "सर, ही मेली म्हणून हे तीन वाचले." टिकलीचे नाव त्याला ठाऊक होते, एम.ओ.व्ही. ती कशाची बनते हे त्याला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. ही हकीगत मी आठवीच्या वर्गात सांगितली तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, एवढीशी स्वस्त वस्तू संगणक वाचवते, तर बाकीच्या पाचांना ती का लावली नव्हती?" मी निरुत्तर झालो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर होय.

वीज तारेवर किंवा तारेच्या जवळपास पडली, की तारेतील विद्युत दाब क्षणार्धात हजारो व्होल्टपर्यंत उसळतो. ही उसळी सेकंदाच्या लक्षांश भागात येते आणि जाते, पण तेवढ्यात नाजूक यंत्राची राख करते. तिला यंत्रापर्यंत पोहोचू न देता परस्पर जमिनीत उतरवायचे, हा या इतिहासातील मूळ प्रश्न आहे. इ.स. १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनच्या कल्पनेवरून फ्रान्समध्ये आणि नंतर अमेरिकेत प्रयोग होऊन आकाशातील वीज ही साधीच वीज आहे, हे सिद्ध झाले. त्यातून इमारतींवर लोखंडी सळ्या उभ्या राहिल्या. पुढे तारायंत्राच्या आणि विजेच्या तारा गावोगाव पसरल्या आणि प्रश्न अवघड झाला. इमारतीला सळई पुरते, कारण इमारतीतून काही वाहत नसते. तारेतून मात्र रोजची वीज वाहत असते. उसळीला जमिनीची वाट उघडायची, पण रोजच्या विजेला ती बंद ठेवायची; असा पहारेकरी हवा होता.

पहिला पहारेकरी म्हणजे ठिणगीची फट. तार आणि जमीन यांच्यामध्ये हवेची बारीक फट ठेवायची. दाब फार वाढला की ठिणगी उडून वीज जमिनीत जाते. अडचण अशी, की एकदा ठिणगी पेटली म्हणजे उसळी ओसरल्यावरही रोजची वीज त्याच वाटेने धावत राहते. दरवाजा उघडतो, पण मिटत नाही. म्हणून १९३० च्या सुमारास अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने फटीच्या जोडीला सिलिकॉन कार्बाइडच्या चकत्या बसविल्या. हा पदार्थ आपल्या ओळखीचा आहे; कात्री-सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या चाकात तोच असतो. दाब वाढला की त्याचा रोध कमी होतो, पण फार बेताने. दाब दहा टक्के वाढला तर त्यातील प्रवाह साधारण दीडपटीने वाढतो, एवढेच. त्यामुळे रोजच्या दाबालाही त्यातून बरीच वीज गळते आणि फट काढून टाकता येत नाही. जवळजवळ चाळीस वर्षे जगातील विद्युत उपकेंद्रे या जोडीवर विसंबून होती.

येथून कथा जपानमध्ये जाते. ओसाका परिसरातील मात्सुशिता इलेक्ट्रिक ही कंपनी, म्हणजे आजची पॅनासॉनिक, रेडिओ आणि घरगुती उपकरणे बनवीत असे. तिच्या प्रयोगशाळेत मिचिओ मात्सुओका हे संशोधक १९६० च्या दशकाच्या अखेरीस झिंक ऑक्साइडवर काम करीत होते. झिंक ऑक्साइड म्हणजे जस्ताचे पांढरे भस्म. लहान मुलांच्या अंगावरील पुरळाला लावतात त्या पांढऱ्या मलमात आणि गुलाबी कॅलामाइन लोशनमध्ये तेच असते. १९७१ साली मात्सुओका यांनी जपानी भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील पाककृती अशी: रेणूंच्या प्रमाणात ९७ भाग झिंक ऑक्साइड, १ भाग अँटिमनीचे ऑक्साइड आणि बिस्मथ, कोबाल्ट, मँगनीज व क्रोमियम यांची ऑक्साइडे प्रत्येकी अर्धा भाग. हे मिश्रण दाबून टिकली करायची आणि १३५० अंश सेल्सिअसला भाजायची. या टिकलीवरील दाब दहा टक्के वाढला तर प्रवाह शंभरपटीहून अधिक वाढतो! रोजच्या दाबाला ती जवळजवळ भिंत असते आणि उसळी आली की क्षणात दार होते. उसळी गेली की पुन्हा भिंत. ठिणगीच्या फटीची गरजच उरली नाही.

येथे मला सर्वांत नवल वाटले ते सांगतो. हा गुण शुद्ध झिंक ऑक्साइडमध्ये नाही. शुद्ध झिंक ऑक्साइडचा कण विजेला बऱ्यापैकी वाट देतो. तो अडवीत नाही. अडविण्याचे काम होते ते दोन कणांच्या सांध्यावर. बिस्मथाचे अणू कणाच्या आत शिरत नाहीत, कणांच्या सीमेवर जमा होतात आणि तेथे विजेच्या मार्गात एक अदृश्य बांध उभा राहतो. प्रत्येक बांध सुमारे तीन व्होल्टपर्यंत तग धरतो. कण २० मायक्रॉनचे असतील तर एक मिलिमीटर जाडीत असे ५० सांधे येतात आणि तेवढी जाडी सुमारे १५० व्होल्ट पेलते. टिकली किती दाबाला उघडावी, हे अशा प्रकारे तिच्यातील सांध्यांची मोजदाद करून ठरते. १९७५ पर्यंत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतील लेव्हिन्सन आणि फिलिप यांनी या सांध्यांचे भौतिकशास्त्र मांडले होते.

त्याच १९७५ साली जपानच्या मेडेन्शा कंपनीने मात्सुशिताच्या शोधावरून वीजवाहिन्यांसाठी बिनफटीचा निवारक प्रत्यक्षात आणला. विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने त्याची गणना आपल्या क्षेत्रातील ऐतिहासिक टप्प्यांमध्ये केली आहे. रोहित्राच्या शेजारी उभे असलेले, वाटोळ्या कड्याकड्यांचे खांब आपण उपकेंद्राच्या कुंपणातून पाहिले असतील. त्यांपैकी नव्या जातीच्या खांबांच्या पोटात याच जस्ताच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. घरातील टिकली हे त्यांचेच धाकटे भावंड होय.

आता या कथेतील खरा पेच, म्हणजे भट्टीची आच.

भुकटी भाजून घट्ट पिंड करण्याच्या क्रियेला सिंटरिंग म्हणतात. कुंभार आव्यात मडके भाजतो तेव्हा माती वितळून वाहून जात नाही, पण कण एकमेकांना धरतात. झिंक ऑक्साइड स्वतः १९०० अंशांच्याही वर वितळते. तेवढी आच कोणी देत नाही. मदतीला येते ते बिस्मथाचे ऑक्साइड. ते एकटे ८२५ अंशांच्या आसपास वितळते आणि झिंक ऑक्साइडच्या सहवासात ७४० अंशांपासूनच पातळ होऊ लागते. आपल्या स्वयंपाकघरातील चिक्की आठवा. शेंगदाणे वितळत नाहीत, वितळतो तो गूळ. आणि निवल्यावर तोच दाण्यांना धरून ठेवतो. बिस्मथ हा या टिकलीतील गूळ आहे. पाक कच्चा राहिला तर चिक्की सुटते, फार झाला तर करपते. येथेही तसेच. आच कमी पडली तर आत पोकळ्या राहतात. मग उसळीची सारी वीज एखाद्याच वाटेने घुसते आणि टिकली तडकते. आच अधिक झाली तर बिस्मथ वाफ होऊन उडून जातो आणि सांधे कमकुवत होतात. म्हणून कारखान्यांत साधारण ११०० ते १३०० अंश अशी आच ठरली.

मौल्यवान वस्तू भट्टीतून वाफ होऊन जाण्याचा हा प्रकार जुनाच आहे. इराणमधील किरमान प्रांतात तूतिया नावाचे डोळ्यांचे औषध बनत असे. तेराव्या शतकात मार्को पोलोने त्याची कृती वर्णन केली आहे: विशिष्ट माती पेटत्या भट्टीत टाकायची, वर लोखंडी जाळी ठेवायची आणि धुरातून जे जाळीवर चिकटेल ते गोळा करायचे. जाळीवरचे ते तूतिया म्हणजे प्रामुख्याने झिंक ऑक्साइडच. किरमानच्या कारागिरांना वाफ हवी होती, म्हणून त्यांनी जाळी धरली. विसाव्या शतकातील अभियंत्यांना वाफ नको होती, म्हणून त्यांनी आच उतरविण्याचा मार्ग धरला.

परंतु केवळ बिस्मथाच्या लोभाने हा मार्ग कोणी इतक्या नेटाने चालला नसता. खरी निकड उत्पन्न झाली ती पैशामुळे. इलेक्ट्रॉनिक उपकरणे लहान झाली, त्यांतील सूक्ष्म मंडले इतकी नाजूक झाली की माणसाच्या बोटावरील स्थिर विजेची ठिणगीही त्यांना पुरते. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, ती वीज काही हजार व्होल्टची असते. तेव्हा तांदळाच्या दाण्याहून लहान पहारेकरी हवे झाले. त्यासाठी झिंक ऑक्साइडचे पातळ थर आणि धातूचे पातळ थर आलटून पालटून रचून सारे एकदमच भट्टीत घालावे लागते. येथे अडचण आली. चांदी उत्तम वाहक आणि तुलनेने स्वस्त, पण ती ९६२ अंशांना वितळते. अकराशे अंशांच्या भट्टीत चांदीचा थर टिकणार कसा? म्हणून प्लॅटिनम किंवा पॅलेडियम वापरावे लागले, किंवा चांदीत पॅलेडियम मिसळावे लागले. पॅलेडियम महाग तर आहेच, शिवाय बिस्मथाशी त्याचे पटत नाही. भट्टीत दोघांची रासायनिक क्रिया होते. १९९६ साली पॅलेडियमचा भाव औंसाला दीडशे डॉलरांच्या आत होता. जानेवारी २००१ मध्ये तो हजार डॉलरांच्या वर गेला. अशा वेळी भट्टी ९६२ अंशांच्या खाली आणणे ही केवळ प्रयोगशाळेची हौस राहिली नाही.

आच उतरविण्याचे उपाय तीन दिशांनी झाले. पहिला उपाय, लवकर वितळणारा गूळ शोधण्याचा. १९९४ मध्ये तैवानमधील त्साय आणि वू या संशोधकांनी बिस्मथाऐवजी व्हॅनेडियमचे ऑक्साइड घालून पाहिले. ते ७०० अंशांच्या आतच वितळते आणि टिकली ९०० अंशांच्या आसपास तयार होते. म्हणजे चांदी सुरक्षित राहते. पण त्यात काही कण भलतेच मोठे वाढतात आणि बाकीचे लहान राहतात. आधी सांगितल्याप्रमाणे सांध्यांची संख्या हाच टिकलीचा हिशेब. कण लहानमोठे झाले की हिशेब चुकतो. काहींनी बिस्मथ कायम ठेवून त्यात बोरॉनयुक्त काच मिसळली. दुसरा उपाय, भुकटीच अतिशय बारीक करण्याचा. बारीक कणांचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ते कमी आचेवर सांधले जातात. शिवाय कण लहान राहिल्याने एका मिलिमीटरमध्ये सांधे अधिक बसतात आणि तीच जाडी अधिक दाब पेलते. उपकेंद्राच्या उंच खांबासाठी ही गोष्ट फार सोयीची, कारण खांबाची उंची कमी होते.

तिसरा उपाय सर्वांत धाडसी: आच जवळजवळ सोडूनच देण्याचा. २०१४ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठातील संशोधकांनी पाण्यात विरघळणारा लिथियम मॉलिब्डेट हा पदार्थ थोड्या पाण्याने ओलावून, साध्या तापमानाला दाबून त्याचा घट्ट पिंड केला. २०१६ मध्ये अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात क्लाइव्ह रँडल यांच्या गटाने अनेक पदार्थांसाठी हीच वाट रुंद केली आणि तिला शीत सिंटरिंग हे नाव रूढ झाले. २०१७ साली झिंक ऑक्साइडची पाळी आली. भुकटी ओली करायला त्यांनी काय वापरले असेल? ॲसिटिक आम्लाचे पाणी, म्हणजे व्हिनेगरमध्ये जे आम्ल असते तेच! वर हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब दिला आणि सुमारे १२६ अंश उष्णतेला भुकटीचा घट्ट पिंड झाला. भजी तळण्याचे तेलही याहून अधिक तापलेले असते.

हे घडते कसे, याचे उदाहरण प्रत्येक घरात आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत हवेचा ओलावा शिरला की मोकळ्या मिठाचा खडा होतो. कणांच्या कडा किंचित विरघळतात आणि ओलावा गेला की तेच मीठ दोन कणांच्या मध्ये पुन्हा घट्ट बसते. शीत सिंटरिंगमध्ये हेच घडते. ओलाव्याच्या जागी आम्ल आणि बरोबर प्रचंड दाब, इतकाच फरक.

या गटाने २०१८ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. घट्ट पिंड झाला तरी सांध्यावरील बांध उभा राहायलाच हवा, नाहीतर टिकली पहारा देणार नाही. बांधासाठी त्यांनी घेतले टेफ्लॉन, बिनचिकट तव्यावर असते ते. तीनशे अंशांच्या आत झिंक ऑक्साइड आणि टेफ्लॉन यांचा एकत्र पिंड करून त्यांनी उसळी अडविण्याचा गुण त्यात आणून दाखविला. जुन्या भट्टीत टेफ्लॉनचा मागमूसही उरला नसता. मातीच्या जातीचा पदार्थ आणि प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ एकाच भट्टीतून सुखरूप बाहेर येणे, ही गोष्ट मात्सुओकांच्या काळात कल्पनेतही बसली नसती.

वाचकांची दिशाभूल होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टिकल्या आजही हजार अंशांच्या वरच्या भट्टीतूनच येतात. शीत सिंटरिंगचे नमुने प्रयोगशाळेत बनतात. कारखान्यात लाखोंच्या संख्येने वस्तू काढणे वेगळे. तेवढा प्रचंड दाब मोठ्या चकत्यांना देणे सोपे नाही आणि हजारो उसळ्या सोसून टिकण्याची परीक्षा जुन्या टिकलीने पन्नास वर्षे दिलेली आहे. तरीसुद्धा १३५० अंशांपासून १२६ अंशांपर्यंतचा हा प्रवास सुमारे सेहेचाळीस वर्षांत झाला, आणि तो कोणा एकाने केला नाही. जपानने शोधले, अमेरिकेने कारण सांगितले, तैवानने वाट बदलली, फिनलंडने पाणी घातले. इतिहासाच्या पुस्तकात अशा गोष्टींना धडा मिळत नाही, हे आमच्या विषयाचे न्यून आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. पाच संगणकांना टिकली का नव्हती? ती महाग होती म्हणून नव्हे. इतक्या लोकांनी पन्नास वर्षे खपून ती स्वस्त करून ठेवली होती. आम्हांला ती ठाऊक नव्हती, म्हणून नव्हती. पालकांनी पोटाला चिमटा काढून दिलेले पैसे आमच्या अज्ञानात जळाले आणि त्या वर्षी दहावीच्या मुलांनी तीन संगणकांवर पाळीपाळीने हात फिरविला. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही; खोलीची जबाबदारी माझ्याकडेच होती.

म्हणून तीन साध्या गोष्टी आपल्या निदर्शनास आणतो. एक, टिकली उसळीला जमिनीत नेते ते अर्थिंगच्या तारेतून. अर्थिंग नीट नसेल तर पहारेकरी अर्धाच उरतो. दोन, प्रत्येक मोठ्या उसळीने टिकली थोडी झिजते. ती अमर नाही. बोर्डाला जळका वास आला किंवा तो काळवंडला तर लगेच वायरमनला दाखवून बदलावा. तीन, ही टिकली यंत्राला वाचवते, माणसाला नाही. आकाशात वीज कडाडत असताना मोकळ्या शेतात किंवा झाडाखाली उभे राहू नये आणि शक्य असेल तर यंत्राची पिनही काढून ठेवावी.

आमच्या शाळेत आता प्रत्येक बोर्डात टिकली आहे आणि अर्थिंगची तपासणी दर वर्षी मे महिन्यात होते. ती आमचा तोच माजी विद्यार्थी करतो आणि पैसे घेत नाही. फुटलेली निळी टिकली मी फेकली नाही. ती इतिहासाच्या कपाटात, जुन्या नाण्यांच्या शेजारी ठेवली आहे. आठवीच्या मुलांना मी ती दरवर्षी दाखवितो आणि विचारतो, "ही कशाची आहे, सांगा पाहू?"